लिटरला बावीस

थोरलीनं जेवढी गाडी चालवली तेवढी तिच्या ओळखीत कुणीच चालवली नसेल, आणि तरी ती कुठं गेली नव्हती. तिचं कामच तसं होतं. गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीच्या चाचणी विभागात जमिनीत दोन मोठे लोखंडी रोलर बसवलेले होते. गाडीची पुढची चाकं त्या रोलरवर चढवायची, गाडी पट्ट्यांनी चारी बाजूंनी जखडायची, धुराच्या नळीला जाड पाइप जोडायचा, समोरचा माणसाएवढा पंखा सुरू करायचा, आणि मग थोरली आत जाऊन बसायची. काचेपलीकडं एक पडदा होता. त्यावर एक रेघ सरकत यायची. रेघ चढली की वेग वाढवायचा, उतरली की कमी करायचा. काटा नव्वदवर जायचा, चाकं गरगरायची, खोली थरथरायची आणि समोरची भिंत होती तिथंच असायची.

गाडीनं पेट्रोल किती खाल्लं ते शेवटी धूर साठवलेल्या पिशव्यांवरून निघायचं. "माणूस किती जेवला हे त्याच्या ढेकरेवरून ओळखायचं," असं ती विभागात नव्यानं आलेल्यांना सांगायची. ते हसायचे, पण त्यांच्या डोक्यात ते पक्कं बसायचं.

हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. पाय जरा जड पडला की रेघ सुटते, आणि रेघ सुटली की चाचणी बाद. गाडी पुन्हा रात्रभर थंड करायची आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात. थोरलीची रेघ क्वचितच सुटायची. विभागातले लोक म्हणायचे, हिच्या बुटाखाली अंडं ठेवलं तरी फुटायचं नाही. त्यांना गंमत एकाच गोष्टीची वाटायची, की दिवसभर गाडी चालवणारी ही बाई संध्याकाळी थैली सावरत बसच्या रांगेत उभी राहते.

घरी आई आणि बाबा. धाकटी लग्न होऊन घाटापलीकडच्या गावी गेलेली. बाबा वजनमापं खात्यात निरीक्षक होते. सगळी नोकरी त्यांनी दुकानांतले तराजू तपासण्यात आणि पेट्रोलपंपांवर पाच लिटरचं माप घेऊन उभं राहण्यात घालवली. निवृत्त झाले तरी खातं अंगातून गेलं नव्हतं. दूधवाल्यापासून कापडवाल्यापर्यंत सगळे त्यांना वचकून असायचे. आई म्हणायची, "देवानं यांना डोळ्यांच्या जागी पारडी दिलीत."

निवृत्तीनंतर बाबांनी एक छोटी गाडी घेतली. चार माणसं बसतील, पाचवं बसलं तर कुरकुरेल अशी. घेताना दहा दुकानं पालथी घातली नाहीत, कुणाचा सल्ला विचारला नाही. ही गाडी थोरलीनं रोलरवर पळवली होती आणि माहितीपत्रकात छापलेला आकडा तिच्या पायातून निघालेला होता, एवढं त्यांना पुरलं. लिटरला बावीस. बाबांनी ते माहितीपत्रक शेजारच्या निवृत्त शाळामास्तरांना दाखवलं आणि म्हणाले, "आमच्या पोरीनं काढलेला आकडा आहे हा."

पहिली टाकी संपली तेव्हा गाडीनं पंधरा दिले.

बाबांनी पंप बदलला. टायरची हवा तपासली. डिकीतली जादाची छत्री, जुनी चादर आणि आईची पाण्याची मोठी बाटली बाहेर काढली. पुढच्या टाकीलाही पंधराच. तेव्हा ते रात्रीच्या जेवणाला बसले आणि ताटाकडं न बघता म्हणाले, "मापात पाप आहे."

"कुणाच्या?" थोरलीनं विचारलं.

"तुमच्या. बावीस सांगायचे आणि पंधरा द्यायचे. किराणावाल्यानं असं केलं असतं तर मी त्याचा तराजू जप्त केला असता."

थोरलीनं समजावून सांगितलं. रोलरवरच्या गाडीत ती एकटी असते. एसी बंद असतो. वारा समोरून, तोही ठरलेला. खोलीची हवा ठरलेली. सिग्नल नाही, खड्डा नाही, चढ नाही. सगळ्या गाड्या सारख्याच परिस्थितीत मोजायच्या म्हणजे एकीची दुसरीशी तुलना करता येते. तुम्ही मात्र आईला घेऊन बाजारात जाता, तिथं दहा मिनिटं गाडी चालू ठेवून उभे राहता, दर दोनशे पावलांना पहिला गिअर टाकता.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तुमचा आकडा ब्रह्मचारी आहे. त्याला ना संसार, ना सामान, ना बायकोची बाजारहाट."

आईनं वाढता वाढता थोरलीकडं पाहिलं आणि म्हणाली, "घरात आणखी एक तसंच आहे. त्याचं काय करायचं ते आधी बघा." थोरलीला हसू आलं. बाबांना आलं नाही.

तेव्हापासून घरात तो एक विषयच होऊन बसला. गाडी पंपावरून आली की बाबा दारातूनच आकडा सांगायचे. "साडेचौदा." "पंधरा." एकदा मोकळ्या रस्त्यानं एकटेच धाकटीकडं जाऊन आले तेव्हा सतरा दिले, तर तेही तक्रारीच्याच सुरात सांगितलं. एकदा रागाच्या भरात म्हणाले, "खोलीत बसून आकडे काढणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. तू कधी रस्त्यावर येऊन चालवून बघ, मग बोल."

आई झटकन म्हणाली, "पुरे." बाबांनाही आपण काय बोललो ते कळलं. ते उठून हात धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

कारण थोरली पूर्वी रस्त्यावर चालवत असे. तिच्याकडं जुनी लहानशी गाडी होती, ती घेऊन कामावर जायची. एका सकाळी रस्त्याकडेला उभ्या ट्रकच्या आडून एक सायकलवाला अचानक समोर आला. तिनं ब्रेक दाबला, गाडी थांबली, पण त्याआधी सायकल आडवी झाली होती. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. ती त्याला घेऊन दवाखान्यात गेली, त्याच्या घरी गेली, प्लास्टर निघेपर्यंत जात राहिली. तो बरा झाला आणि स्वतःच म्हणाला, "ताई, मी न बघता घुसलो. तुमची चूक नव्हती." सगळ्यांनीच तसं सांगितलं. तिच्या पायाला मात्र ते पटलं नाही. रस्त्यावर गाडीत बसली की उजवा पाय ब्रेकवरून हलेना. प्रत्येक उभ्या वाहनाच्या आडून कुणीतरी येणार असं वाटायचं. एकदा चौकात मधोमध गाडी बंद करून ती नुसती बसून राहिली, मागचे कर्णे वाजवत राहिले. पुढच्या महिन्यात तिनं गाडी विकली.

रोलरच्या खोलीत कुणी आडून येत नव्हतं. तिथं तिचा पाय लोण्यासारखा चालायचा.

असं बरंच चाललं असतं, पण एके दिवशी विभागात खोक्यांतून एक यंत्रमानव आला. त्याला तोंड नव्हतं, हात नव्हते. ड्रायव्हरच्या सीटवर बसवायचा एक लोखंडी सांगाडा, आणि त्याच्या दोन दांड्या पेडलांवर. त्याला बसवायला चार माणसं अर्धा दिवस खपली. कुणी केबल धरतंय, कुणी पट्टा आवळतंय, कुणी विचारतंय की साहेब नीट बसले का. म्हणून त्याचं नाव जावईबापू पडलं. जावईबापू बसले आणि रेघेवरून असे चालले की रेघ आणि ते वेगळे दिसेनात.

थोरली काचेपलीकडं उभी राहून बघत होती. तिला मत्सर वाटला नाही. कुणी आपली खुर्ची उचलून नेली आणि आपण मात्र बसायच्या बेतात आहोत, असं काहीतरी वाटलं.

विभागाच्या प्रमुख मॅडमनी तिला बोलावलं. मॅडम तिच्याहून वयानं लहान, बोलायला सरळ. म्हणाल्या, "मी तुम्हाला आधीही विचारलंय, आता शेवटचं विचारते. आपण रस्त्यावरची मोजणी सुरू करतोय. गाडीच्या मागं धूर मोजणारं यंत्र बांधायचं आणि खऱ्या रस्त्यावर, खऱ्या गर्दीत चालवायची. लोकांना घरी जे मिळतं ते आपल्यालाही कळलं पाहिजे. मला तुमचा पाय हवाय."

"रोलरचं काम?"

"ते हळूहळू यंत्राकडं जाणार. तुम्हाला कागदाच्या कामावर घेता येईल, पण मला ते बरं वाटणार नाही."

याआधी दोनदा थोरलीनं नाही म्हटलं होतं. कारण सांगितलं नव्हतं. आताही सांगितलं नाही. "विचार करून सांगते," म्हणाली आणि बसच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

घरी आली तर दुसराच घोळ चालला होता. धाकटीनं शिवणाचं दुकान टाकायचं ठरवलं होतं. जागा ठरली होती, पाटी रंगवून झाली होती, आणि आईचं जुनं शिवणयंत्र तिला हवं होतं. तेच यंत्र, लोखंडी पायांचं, पायानं चालवायचं, ज्यावर दोघी बहिणींचे शाळेचे गणवेश शिवले गेले. आईची मान आता शिवू देत नव्हती, त्यामुळं द्यायला ती खूश होती. प्रश्न न्यायचा होता. बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला होता आणि महिनाभर गाडीला हात लावायचा नाही असं बजावलं होतं.

"टेम्पो करू," बाबा म्हणाले.

"टेम्पोत आपटून त्याचं चाक वाकलं तर?" आई म्हणाली. "आणि मी काय टेम्पोत बसू? पोरीचं दुकान उघडतंय, मी जाणार."

"बसनं जा."

"आणि यंत्र मांडीवर घेऊ?"

थोरली दारातच उभी होती. चपला अजून पायात होत्या. आपण काय बोलणार आहोत हे तिला बोलेपर्यंत ठाऊक नव्हतं. "मी नेते," ती म्हणाली. "तुम्हाला दोघांना आणि यंत्राला."

बाबांनी काळा चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग एवढंच म्हणाले, "टाकी भरून घेऊ."

निघायच्या आधीच्या दोन सकाळी ती एकटीच गाडी घेऊन घरामागच्या रस्त्यावर फिरून आली. पहिल्या सकाळी वळणापर्यंत जाऊन परत. दुसऱ्या सकाळी बाजारापर्यंत. पाय ब्रेकवर चिकटत होता, पण सुटत होता. आई खिडकीतून बघत होती आणि बघत नसल्यासारखं दाखवत होती.

शनिवारी मागची अर्धी सीट पाडून यंत्र चढवलं. शेजारच्या मास्तरांनी एक बाजू धरली. वरचा भाग आईनं जुन्या चादरीत गुंडाळून पोटाशी घेतला आणि उरलेल्या अर्ध्या सीटवर अंग चोरून बसली. बाबा पुढं. पंपावर गेल्यावर बाबांनी काच खाली केली आणि पंपावरच्या माणसाला म्हणाले, "नोझल टक् करून थांबलं की थांबायचं. वर एक थेंब नाही. कुठल्या नोझलनं भरतोय ते लक्षात ठेवा, उद्या याच नोझलनं भरायचंय." तो माणूस थोरलीकडं बघून हसला. तिनंही डोळ्यांनीच माफी मागितली. मग बाबांनी काळ्या चष्म्याआडून वाकून स्वतःच्या बोटानं गाडीतलं किलोमीटरचं मीटर शून्यावर आणलं.

गावातून बाहेर पडेस्तोवर काही ना काही आडवं येत राहिलं. रिक्षा, हातगाडी, शाळेची बस, मध्येच उघडणारं एखाद्या गाडीचं दार. प्रत्येक वेळी थोरलीचा पाय ब्रेकवर जायचा आणि सुटायचा. बाबा एरवी शेजारी बसले की ड्रायव्हरला सोडायचे नाहीत. गिअर बदल, लांबून सिग्नल दिसतोय तर आताच पाय काढ, एवढा कशाला पळवतोस. आज त्यांच्या तोंडाला कुलूप होतं. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तिला जरा मोकळं वाटलं. गाडी सत्तरच्या आसपास एका लयीत चालू लागली, आणि तिच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात पडद्यावरची रेघ बघतोय. तिनं रेघ सोडून दिली आणि रस्त्याकडं बघितलं. कडेला विटांची भट्टी होती, तिच्या पलीकडं एक माणूस कुत्र्याच्या मागं पळत होता. रोलरवर असलं काही दिसायचं नाही.

"मला मळमळतंय," आई मागून म्हणाली. "एसी लावता का जरा?"

बाबांनी निमूटपणे एसी लावला. थोरलीनं चोरून त्यांच्याकडं पाहिलं. एसीनं अॅव्हरेज किती पडतो यावर ते तासभर बोलू शकत असत.

घाट सुरू झाला आणि तिसऱ्या वळणानंतर तो दिसला. एक सायकलवाला, मागं दोन्ही बाजूंना भरलेली पोती, सायकलवर उभा राहून पेडल मारत चढत होता. रस्ता अरुंद, समोरून ट्रक उतरत होते. थोरलीचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. तिनं गाडी दुसऱ्यात टाकली, मग पहिल्यात, आणि त्याच्या मागं लांब अंतर ठेवून चालू लागली. इंजिन कण्हत होतं. मागं गाड्या जमल्या. एकानं कर्णा वाजवला, मग सगळ्यांनीच.

ओलांडायला एकदा जागा मिळाली होती. दुसरा कुणी असता तर गेला असता. ती गेली नाही. पुन्हा कर्णे. पहिल्या गिअरमध्ये चढावर अशी गाडी रेटली की पेट्रोल पाण्यासारखं जातं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. ती म्हणाली, "बाबा, अॅव्हरेजची वाट लागली."

बाबा समोर बघत होते. काळ्या चष्म्यातून त्यांना कितपत दिसत होतं कोण जाणे. म्हणाले, "राहू दे त्याच्यामागं. घाई कुणाला आहे? पेट्रोल जाळायलाच असतं."

बाबांच्या तोंडून हे वाक्य बाहेर पडेल असं घरातल्या कुणीही पैजेवर सांगितलं नसतं. मागं आईनं यंत्राभोवतीचे हात सैल केले.

थोरली त्याच्या मागं चालत राहिली. हळूहळू तिला तो माणूस दिसू लागला. शर्टाचा एक खांदा उसवलेला, डाव्या पायात जोर जास्त. प्रत्येक वळणाआधी तो मान वळवून मागं बघायचा आणि ती आहे तिथंच आहे ना ते पारखून घ्यायचा. मागच्या सगळ्या गाड्या तिच्यामुळंच थोपून होत्या. दोन वळणांनी रस्ता रुंद झाला. त्यानं सायकल कडेला घेतली आणि एक हात सोडून, जा, अशी खूण केली. तिनं समोर बघितलं, आरशात बघितलं, गिअर बदलला आणि पुरेसं अंतर ठेवून ती त्याच्या बाजूनं पुढं गेली. तेव्हा तिच्या लक्षात आलं की उजवा पाय ब्रेकवर नाही. तो जिथं असायला हवा तिथं, अॅक्सिलरेटरवर होता.

घाटमाथ्यावर चहाची टपरी होती. ती उतरून बाकावर बसली. बाबांनी तिच्या हातात चहा दिला आणि स्वतः बिस्किटाच्या पुड्यावरचं वजन वाचत उभे राहिले.

धाकटीच्या दुकानात यंत्र खिडकीखाली बसलं. आईनं स्वतः पट्टा चढवला, तेल सोडलं, एका चिंधीवर टाका तपासून बघितला. धाकटी तिच्या शेजारी उकिडवी बसली होती. तिनं हळूच थोरलीला विचारलं, "तू चालवत आलीस? सगळं अंतर?"

"सगळं."

"आणि बाबा?"

"गप्प होते."

"मग आजारी असतील," धाकटी म्हणाली आणि दोघी तोंडावर हात ठेवून हसत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी उतरताना गाडी रिकामी होती, आई मागं पाय पसरून झोपली होती. गावात शिरताच बाबा सावरून बसले. घोडामैदान जवळ आलं होतं. तोच पंप, तेच नोझल. नोझलनं टक् केलं. बाबांनी पंपावरचे लिटर वाचून दाखवायला लावले, मीटर वाचायला लावलं आणि डोळे मिटून मनात भागाकार केला.

"सोळा," ते म्हणाले. "आणि वर किंचित."

थोरली हसली. "घ्या. बावीसला सहा कमी."

गाडी घराच्या वाटेला लागल्यावर बाबा म्हणाले, "मी गेल्या वेळी एकटा गेलो होतो, रिकामा, थंडीत. तरी सतराच. तू लोखंड चढवून, एसी लावून, त्या पोतीवाल्याच्या मागं रांगत जाऊन सोळा आणलेस. माझ्या हातात ही गाडी असती तर चौदाच्या वर गेली नसती."

"म्हणजे मापात पाप नाही?"

बाबांनी काळा चष्मा वर सरकवला. मग म्हणाले, "आमच्या खात्यात काचेच्या कपाटात एक किलोचं वजन असायचं. त्याला नुसत्या हातानं शिवायचं नाही. सगळ्या जिल्ह्याची वजनं त्याच्याशी ताडून बघायची. त्या वजनानं कुणी कधी कांदे मोजले नाहीत. मोजायचे नसतातच. तुझे बावीस तसले असतील. पण लोक बाजारातून कांदेच आणतात ना. त्यांना कांद्याचंही कुणीतरी सांगायला पाहिजे."

आई मागून झोपेतच म्हणाली, "कांदे संपलेतच. थांबवा कुठंतरी."

सोमवारी थोरली मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिली आणि तिनं या वेळी सगळं सांगितलं. सायकलवाला, मोडलेलं हाड, विकलेली गाडी, घाट. मॅडमनी मध्येच अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "सांगितलंत हे बरं केलंत. पहिले दोन महिने शेजारी दुसरा ड्रायव्हर बसेल. तुम्हाला नकोसं झालं तर कुठंही चावी त्याला द्यायची, कुणी कारण विचारणार नाही. चालेल?"

"चालेल."

पहिल्या फेरीला तिनं एकदा चावी दिली. भाजीबाजाराच्या तोंडाशी. एवढी माणसं एकदम समोर आली की तिला पुढचं दिसेना. दुसऱ्या ड्रायव्हरनं काही न विचारता जागा बदलली, बाजार पार केला आणि पलीकडं जाऊन पुन्हा तिला चाकामागं बसवलं. त्यानंतरच्या आठवड्यात तो बाजार तिनं स्वतः पार केला, गोगलगाईच्या गतीनं, पण केला.

गाडीच्या मागं बांधलेलं यंत्र फ्रिजएवढं दिसायचं. सिग्नलला रिक्षावाले काच ठोठावून विचारायचे, "ताई, कुल्फी आहे का?" पहिल्या दिवशी तिला काय बोलावं कळेना. दुसऱ्या आठवड्यापासून ती सांगायची, "संपली." मागच्या सीटवर आकडे बघत बसलेल्या इंजिनिअरला घाटात गाडी लागायची, त्याच्यासाठी तिनं लिंबाच्या गोळ्या ठेवायला सुरुवात केली. रोलरवर जो आकडा बावीस निघाला होता तो गर्दीत चौदा निघायचा, मोकळ्या रस्त्यावर एकोणीस, घाटात कधी तेरा. मॅडम ते सगळे आकडे वरच्या बैठकीत मांडायच्या. पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात बावीसच्या शेजारी आणखी दोन आकडे छापावेत असं तिथं ठरत आलं होतं. अजून सही व्हायची होती. थोरलीला खात्री होती की होईल.

बाबांचा डोळा बरा झाला. शेजारचे मास्तर तीच गाडी घ्यायच्या विचारात होते, ते एक दिवस संध्याकाळी विचारायला आले, "किती देते हो?"

"कोण चालवणार?" बाबांनी विचारलं.

"मुलगा."

"स्वभाव कसा आहे त्याचा? तापट? कुठं कुठं जाणार? बायको बरोबर असणार? एसीशिवाय चालतं का तिला?"

मास्तरांनी थोरलीकडं केविलवाणं बघितलं. ती त्यांच्यासाठी खुर्ची घेऊन आली. कारण आता चांगला तासभर ते सुटणार नव्हते.

मग तिनं स्वतःसाठी एक जुनी लहानशी गाडी घेतली. पहिल्या सकाळी ती घेऊन कामावर गेली तेव्हा फाटकावरच्या रखवालदारानं तिला अडवलं. रोज सकाळी बसथांब्याकडून चालत येणारी थोरली त्याला ठाऊक होती. तो इथं लागला तो तिनं पहिली गाडी विकल्यावर, आणि चाचणीच्या गाड्या मागच्या फाटकानं जायच्या, त्यामुळं गाडीतली त्यानं कधी बघितली नव्हती. "बाई, बाहेरच्या गाड्या पलीकडं लावायच्या," तो म्हणाला. मग खिडकीत वाकून नीट बघितलं आणि एकदम ओशाळला.

"तुम्ही होय. अहो, तुम्ही गाडी चालवता?"

"चालवते," थोरली म्हणाली.

त्यानं फाटक उघडलं.